वखवखलेला, वखवखलेली, वखवखलेलं

सर्व वाचकांनी कृपया सरळ बसावं. हातात चहाची कपबशी असेल तर ती खाली ठेवावी. मी आता एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करणार आहे, आणि आमच्या घरात अशी बाब सांगण्याआधी घसा खाकरण्याची पद्धत आहे. तो मी खाकरला आहे. बाब अशी की माझ्या लग्नाची बैठक ऐन रंगात आली असताना तिच्यात एक विशेषण शिरलं. हुंड्यावरून किंवा पत्रिकेवरून बैठका उठल्याचं तुम्ही ऐकलं असेल. आमची बैठक व्याकरणावर येऊन अडली. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की नामाबद्दल विशेष माहिती सांगतो तो शब्द म्हणजे विशेषण. इथं नाम मीच होते, त्यामुळे विशेष माहिती माझ्याबद्दल मिळाली, आणि ती सगळ्यांना एकदम मिळाली.

पण आधी आमच्या भुकेबद्दल सांगायला हवं. ब्रह्मपुरीहून जीपने निघालं की डांबरी रस्ता सुटल्यावर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध आमचं गाव. पलीकडे जंगल, अलीकडे बोडी, म्हणजे आमचं लहानसं तळं. रोवणीच्या दिवसांत आम्ही सगळे सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेले असायचो आणि पाठ सरळ केली की पहिली नजर बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे कडेच्या मातीच्या बांधावरून, येणाऱ्या आईच्या डोक्यावरच्या टोपल्याकडे जायची. टोपलं अजून पळसाच्या झाडापाशी असतानाच मला त्यात काय आहे ते कळायचं. लाखोळीच्या डाळीचे वडे असले तर वाऱ्यावर तेलाचा आणि लसणाचा वास यायचा. झिंग्याची चटणी असली तर वासाची गरजच नसायची, गावातली कुत्री आईच्या मागे रांगेत चालायची. भात, अंबाडीची आंबट भाजी, मीठ, मिरची आणि कांदा बुक्कीने फोडलेला. आम्ही धुऱ्यावर बसायचो, हातावरचा चिखल बांधीतल्या पाण्यातच धुवायचो आणि मग पुढचा काही वेळ कोणी कोणाशी बोलायचं नाही. फक्त बोटं चाटल्याचे आवाज आणि बेडकांचं ओरडणं. या मुकाबल्यात घरातला पहिला नंबर बाबांचा नव्हता, काकाजींचाही नव्हता. तो माझा होता. मी अंगाने काडी होते आणि पोटात धान्याचं कोठार होतं. आई म्हणायची, "हे पोरगी जेवते का पेरते? जाते कुठी सारं?"

आज मी एका पोळीवर भागवते, तीही तूप न लावता, कारण डॉक्टरांनी माझ्या रक्तात काहीतरी शोधून काढलं आहे. पण लिहिता लिहिता त्या वड्यांचा वास आला, हे मी शपथेवर सांगते.

आता तो शब्द. तो आमच्या घरात आला तो माझ्या काकाजींच्या, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाच्या तोंडून. काकाजी पेरणी-कापणीच्या काळात शेतकरी असत आणि धान घरात आलं की नट होत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात, आणि ज्याचा आवाज तीन बांध्यांपलीकडच्या माणसाला ऐकू जातो त्याला त्यात हमखास काम मिळतं. काकाजींचा आवाज पाचव्या बांधीपर्यंत जाई. त्यांना नेहमी खलनायक मिळायचा. त्या वर्षीच्या नाटकात ते सेनापती होते, आणि त्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं. दुपारी जेवणं आटोपली की खळ्यावर तालीम चाले. शेणाने सारवलेल्या त्या गोल जागेत काकाजी लाकडी तलवार कमरेला लावून उभे राहत आणि नायिकेकडे, म्हणजे तालमीपुरतं खुंट्याला बांधलेल्या म्हशीकडे बोट दाखवून म्हणत, "हे मृगनयने, थांब. आज हा सेनापती वखवखलेला आहे."

नाटक बसवणारे गृहस्थ बाहेरगावचे होते. त्यांनी काकाजींना सांगितलं की हा शब्द असा म्हणा की पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर सावरला पाहिजे. काकाजींना याचं कारण कळेना. त्यांनी त्या वाक्याचा अभ्यास केला तो असा: सेनापती रणांगणावरून आला आहे, दिवसभर पोटात काही नाही, राजवाड्यात पहिली भेटली ती ही बाई, तर माणूस जेवणच मागणार. शिवाय वाक्य संपताच नटी आत पळते असं लिहिलं होतं. "पळते कुठी?" काकाजी आम्हाला विचारत आणि स्वतःच उत्तर देत, "सैपाकघरात." त्यामुळे प्रयोगाच्या वेळी त्यांनी मुंबईहून आणलेल्या त्या बिचाऱ्या नटीसमोर डोळे फिरवले, दात विचकले, 'वखवखलेला आहे' असं गर्जून म्हटलं आणि दोन्ही हात स्वतःच्या पोटावरून फिरवले. मंडपात जो हशा झाला तो काकाजींना त्यांच्या अभिनयाचा विजय वाटला. नटी हसू दाबत आत पळाली. काकाजींनी तिच्या पाठीमागे ओरडून स्वतःच्या पदरचं एक वाक्यही घातलं, "आणि कांदाही आण."

त्या दिवसापासून गावाला शब्द मिळाला. आमच्याकडे भुकेच्या पायऱ्या ठरल्या. 'भूक लागली' ही नुसती बातमी. 'कडकडून लागली' म्हणजे आईने चूल पेटवावी. आणि 'वखवखलो' म्हणजे आता समोर कच्चा कांदा आला तरी त्याची खैर नाही. शब्दच तसा आहे. म्हणून पाहा: दोन्ही 'ख' घशातून खरवडत येतात, जीभ बाहेर पडल्यासारखी वाटते, उन्हात पळून आलेला कुत्रा जसा धापा टाकतो तसा आवाज होतो. शाळेतून येणारी पोरं वखवखलेली, दुपारी सुटलेलं वासरू वखवखलेलं, बाजाराहून आलेले बाबा वखवखलेले. लिंग, वचन, सगळं आम्ही नीट चालवत होतो. एकदा जंगलकडेला कोणाची तरी गाय वाघाने मारली आणि काकाजी ओट्यावर बसून म्हणाले की तो वाघ फार वखवखलेला असला पाहिजे. आई आतून तांदूळ पाखडत म्हणाली, "वाघ काई वखवखत नाई जी, भाऊजी. तो आपला अर्धं खाते, बाकीचं झाकून ठेवते, दुसऱ्या दिवशी येते. वखवखता ते तुमी. काल तपेलं घासून ठेवलं होतं का चाटून, मले अजून समजलं नाई."

पुढे मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. केलं, तेव्हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ समजला. सरांनी वर्गात एका कथेतला उतारा वाचला, त्यात कोणाची तरी वखवखलेली नजर एका बाईच्या अंगावरून फिरत होती, आणि मागच्या बाकावरची पोरं खोकली. भूक ती, पण पोटाची नव्हे. मला एकदम तो मंडप, ती नटी आणि काकाजींचा पोटावरून फिरणारा हात आठवला आणि मी इतकी हसले की सरांनी मला बाहेर काढलं. घरी मात्र मी कोणाला काही सांगितलं नाही. काकाजींच्या आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य होतं ते. आणि खरं म्हणजे आमच्या घरातला अर्थ मला जास्त आवडायचा.

आता बैठक. माझी दोन स्थळं त्याआधी हातची गेली होती, आणि दोन्ही वेळा निरोप एकच आला: मुलगी चांगली आहे, पण खाणारी दिसते. पहिल्यांदा मी पाहुण्यांच्या देखत चिवडा दुसऱ्यांदा घेतला होता. दुसऱ्यांदा मी घेतला नव्हता, पण घेणार होते हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्यानंतर बाबांनी माझ्या ताटाकडे पाहायचं सोडलं, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिसरं स्थळ घुग्घुसचं. मुलगा तिथं सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जायचा, नाव विलास. बाकीच्यांसाठी तो अनोळखी होता, माझ्यासाठी नव्हता. आरमोरीला एका मैत्रिणीच्या लग्नात मी त्याला पंगतीत पाहिलं होतं. वाढपी पुढे गेला की तो त्याला मान वळवून हाक मारायचा, "ओ भाऊ, इकडं विसरले जी," आणि पुन्हा भात घ्यायचा. आजूबाजूची मंडळी उठून हात धुवायला गेली तरी हा एकटा शांतपणे वरण ओरपत बसला होता, चेहऱ्यावर लाज कणभर नाही. मी लांबून पाहत राहिले आणि माझ्या मनात आलं की या माणसाच्या घरात मला पोटभर जेवता येईल. कोणी याला प्रेम म्हणणार नाही, पण मला आजवर त्याला दुसरा शब्द सापडलेला नाही. तेव्हा हे स्थळ जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

आईने बेत पक्का केला होता. पाहुणे दुपारी येणार. त्याआधी ती मला गच्च जेवू घालणार. "मंग त्याईच्या समोर चिमणीसारखी टोचजो," ती म्हणाली. "एक वडी घेजो आणि अर्धी ठेवजो." मी ताटावर बसले, पहिला घास उचलला, आणि ब्रह्मपुरीहून आलेल्या जीपवाल्याने दारातूनच ओरडून सांगितलं की तुमचे पाहुणे बसमधून उतरले, मागच्या जीपमध्ये बसून राह्यले. आईने माझ्या हातातला घास काढून घेतला. अक्षरशः. मला रेशमी साडी नेसवली आणि बजावलं, "आता कणभर नाई. साडीवर डाग पडला तर दुसरी मी कोणाची आणू?" मी खाटेच्या कडेवर पुतळ्यासारखी बसले. आतून सांबारवडीचा वास येत होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती खसखस-खोबऱ्यात परतून, पारीत भरून, चुरचुरीत तळतात, आणि त्यावर ताकाची कढी. आई एकेक वडी कढईत सोडत होती आणि मी तिचा प्रत्येक चर्र ऐकत होते.

ती मागची जीप आली नाही. आधी ती भरेपर्यंत निघाली नाही, मग निघाली आणि वाटेत तिचं चाक बसलं. पाहुणे दारात आले तेव्हा गुरं परतत होती आणि अंगणभर धूळ होती. विलास, त्याचे अबोल वडील आणि आत्याबाई. आई लहानपणीच गेलेल्या विलासला या आत्याबाईंनीच वाढवलं होतं. पुढे त्या नवऱ्याच्या बदलीने पुण्याला गेल्या आणि तिथली भाषा त्यांनी इस्त्री करून अंगावर घातली होती. शब्द त्यांचाच चालणार हे बसल्या बसल्याच कळलं. आईने पाहुण्यांचं ताट वाढायचं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "छे छे, आम्ही फक्त चहा घेऊ." हे वाक्य ऐकताना विलासचा चेहरा जसा झाला तसा मी पुन्हा कधी कोणाचा झालेला पाहिला नाही. आईने ऐकलं नाही हे तिचे उपकार. मी वड्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, एकेकाच्या हातात दिल्या आणि समोर बसले. आत्याबाईंनी आपली बशी बाजूला ठेवली आणि प्रश्न सुरू केले, त्यामुळे बाकीच्यांनाही सुरुवात करता येईना. विलास हातात बशी धरून बसला होता. बशी माझ्या बरोबर समोर होती. तिच्यातल्या वडीला एका बाजूने चीर गेली होती आणि आतला हिरवा मसाला दिसत होता.

शिक्षण काय, शिवण येतं का, आवाज गोड आहे, गाते का. मी उत्तरं दिली असावीत. थोड्या वेळाने आत्याबाई थांबल्या आणि बाबांकडे वळून म्हणाल्या, "राग मानू नका, पण मुलगी आल्यापासून विलासवरून नजर काढत नाहीये. आमच्याकडे मुली जरा खाली बघतात."

आणि इथं, कोणीही न बोलावता, काकाजी उठून उभे राहिले. पुण्याच्या पाहुण्यांसमोर आपली बोली नको, म्हणून सकाळपासून ते रंगमंचावरची भाषा बोलत होते, आणि आता त्यांच्या प्रवेशाची वेळ झाली होती.

"गैरसमज नसावा, आत्याबाई," काकाजी पाचव्या बांधीपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले. "त्याचं कारण एवढंच की आमची कन्या सकाळपासून वखवखलेली आहे."

अंगणातल्या म्हशीने मान हलवली, तिच्या गळ्यातली घंटा वाजली.

"काय आहे?" आत्याबाईंनी विचारलं.

त्यांना नीट ऐकू गेलं नाही असं काकाजींना वाटलं. त्यांनी अक्षरं सुटी केली. "वख-वख-लेली. तुमच्या आगमनाची वार्ता आली त्या क्षणापासून. वहिनींनी तिला कसं आवरलं ते वहिनींनाच ठाऊक."

"भाऊजी," आई दारातून म्हणाली.

"लपवायचं कशाला, वहिनी? उद्या यांच्या घरी गेल्यावर दिसणारच आहे. आत्याबाई, हे आजचं नाही. रोवणीच्या दिवसांत तर तिला घरापर्यंत यायचाही धीर नसतो, बांधीच्या धुऱ्यावरच सगळं. आणि आमच्या रक्तातच आहे ते. तिचे वडील तसेच. मी तर काय, भर मंडपात, सगळ्या गावासमोर. विचारा कोणालाही."

बाबांनी या सगळ्याला हात जोडून मान डोलावली. भाऊ आपली बाजू सांभाळतो आहे एवढंच त्यांना समजत होतं. विलासच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही ऐकल्यासारखं वर पाहिलं. आत्याबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि पुण्याची इस्त्री एका क्षणात मोडली. "हे काय बोलून राह्यले जी तुमी?" त्या म्हणाल्या, आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या. "विलास, ऊठ."

काकाजी माझ्याकडे पाहत होते. त्यांना कौतुकाची अपेक्षा होती. आणि त्या बैठकीत दोन्ही अर्थ माहीत असलेली मी एकटी होते. आता गंमत पाहा. गप्प बसले तर मी अशी मुलगी ठरते की जिला पाहुण्यांसमोर आवरावं लागतं. आणि खरं सांगितलं तर मी खाणारी ठरते, जे दोन घरांनी आधीच ठरवलं होतं. आत्याबाई उंबऱ्याशी पोचल्या. त्यांची चप्पल नीट पायात जात नव्हती, तेवढाच वेळ माझ्याकडे होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. मग मी ठरवलं की जायचंच असेल तर हे स्थळ खऱ्या भुकेवरून जाऊ दे.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ भूक एवढाच आहे. पोटाची. मी सकाळपासून जेवले नाही. आणि मी यांच्याकडे बघत नव्हते, यांच्या हातातल्या वडीकडे बघत होते."

आत्याबाई वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, माझ्या डोळ्यांची रेघ कुठे जाते ते तपासल्यासारखं. काकाजी हळूच बाबांना विचारत होते, "दुसरा काय अर्थ असते गा?" आत्याबाईंच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली, आणि मग पुन्हा घट्ट झाली.

"भूक ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मुलीच्या जातीला इतकी?"

तेच वाक्य. आई दारात खाली बसली. बाबांनी हात सोडले आणि ते जमिनीकडे पाहू लागले. आणि तेवढ्यात 'कुर्रम' असा आवाज झाला. विलासने वडी मोडली होती. एक अर्धी त्याच्या तोंडात गेली होती, दुसरी अर्धी बशीत होती, आणि ती बशी त्याने हात लांब करून माझ्यापुढे धरली होती. आत्याबाई त्याच्याकडे अशा पाहू लागल्या की दुसरा कोणी असता तर घास गिळायचं विसरला असता. त्याने घास नीट चावला. निम्मा गिळला. आणि उरलेला गालात ठेवून म्हणाला:

"मीबी सकाळपासून वखवखलेलोच आहो ना वं, आत्या. बस खाली. तिलेबी खाऊ दे आणि मलेबी खाऊ दे."